गळती, पुढचे चाक, उजवी बाजू

मंगळवारी सकाळी पार्किंगमध्ये बशीएवढा तेलाचा डाग दिसला आणि नाना त्याच्यापुढे उकिडवे बसले.

तसं पाहिलं तर गळती हा नानांचा हातखंडा विषय. पाणीपुरवठा खात्यातल्या गळती-तक्रार विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. गावात कुठंही पाइप फुटला की पहिला फोन त्यांच्या टेबलावर वाजायचा. नाना शांतपणे विचारायचे, "गळती आहे की ठिबक?" पलीकडचा माणूस गुडघाभर पाण्यात उभा असला तरी आधी याचं उत्तर द्यावं लागे, कारण दोहोंच्या नोंदवह्या वेगळ्या होत्या. नोंद झाली की नाना तक्रारीला क्रमांक देत. एकदा क्रमांक पडला की निम्मी गळती थांबते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. चौतीस वर्षांत प्रत्यक्ष गळती मात्र त्यांनी एकही पाहिली नव्हती. ते काम बाहेर हिंडणाऱ्या माणसांचं होतं.

आता गळती थेट घरी आली होती, आणि तीसुद्धा खारूच्या गाडीखाली.

खारू म्हणजे नाना आणि माईंची एकुलती एक मुलगी. लहानपणी कपाट, खिडकी, नळाचा पाइप, जे दिसेल त्यावर चढायची म्हणून खारू. आता ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि रेल्वेने चार तासांवरच्या शहरात नकाशे काढणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. तिची गाडी म्हणजे डर्ट बाइक. उंच, सडपातळ, पुढचं मडगार्ड थेट आभाळाकडे. दिवा नाही, हॉर्न नाही, नंबराची पाटी नाही. रस्त्यावर न्यायचीच नाही. जिथून शेळीसुद्धा विचार करून जाईल, तिथून ही उडत न्यायची. तीन वर्षांपूर्वी खारूने ती आणली तेव्हा नाना दोन महिने तिच्याशी बोलले नव्हते. बोलणं माईंमार्फत चाले. "तिला म्हणावं, मीठ इकडे दे." खारू समोरच बसलेली असायची, आणि मीठ द्यायची.

मग आठ महिन्यांपूर्वी ती पडली. खांदा मोडला. बरी होऊन नोकरीवर परत निघाली तेव्हा गाडीची किल्ली नानांच्या हातात ठेवून म्हणाली, "बाबा, गाडी तुमच्या भरवशावर ठेवतेय. फक्त तिला हात लावू नका."

'भरवशावर' हा शब्द नानांनी मनात जपून ठेवला. 'हात लावू नका' हे शब्द त्यांना तितकेसे नीट ऐकू आले नसावेत.

सुरुवातीला खारू एक शनिवार आड यायची. इंजिन सुरू करायची, आवाज ऐकायची, जेवायची, जायची. मग तीन आठवड्यांनी यायला लागली. आता सहा आठवडे झाले, आलीच नव्हती. नानांनी यावरून मनाशी एक हिशोब मांडला होता, आणि तो त्यांनी माईंनाही सांगितला नव्हता. पोरगी येते ती गाडीसाठी. आपण काय, आई-बाप, फोनवरही असतो. गाडी फोनवर नसते. तेव्हा गाडी झकास राहिली तर पोरगी येत राहील. गाडी बिघडली, तर ती तिकडे मैत्रिणीच्या शेडमध्ये नेऊन ठेवेल, आणि मग आपल्याकडे यायला कारण काय उरलं?

म्हणून तर गेले सहा आठवडे नाना रोज सकाळी अंघोळीआधी खाली जाऊन गाडीची सेवा करत होते. आणि आज डाग.

त्याच दुपारी खारूचा फोन आला. "बाबा, शनिवारी येतेय. गाडीचं काय ते ठरवायचंय."

"ठरवायचंय म्हणजे?"

"आल्यावर बोलू," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नाना बराच वेळ तसाच कानाला लावून बसले.

माई म्हणाल्या, "अहो, सांगून टाकायचं ना, तेल गळतंय म्हणून."

"नोंद झाल्याशिवाय काय सांगणार?" असं म्हणून नानांनी एक कोरी फाइल काढली आणि तीवर वळणदार अक्षरात लिहिलं: गळती, पुढचे चाक, उजवी बाजू. क्रमांक एक. त्यांना जरा बरं वाटलं.

हे बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस घेऊन आले. सेक्रेटरींना माणसांपेक्षा फरशीची माया जास्त. नोटिशीत 'सामायिक जागेतील तैलजन्य डागाबाबत' तीन दिवसांत खुलासा मागितला होता.

"अहो, दुरुस्तीच करतोय मी," नाना म्हणाले.

"सामायिक जागेत दुरुस्ती करायची तर अर्ज लागेल. दोन प्रतींत. शेजाऱ्यांची हरकत नसल्याच्या सह्या."

नानांनी अर्ज लिहिला. सेक्रेटरींनी वाचला आणि परत केला. "विषय लिहिलाय, संदर्भ नाही लिहिला."

चौतीस वर्षांत नेमक्या याच कारणासाठी नानांनी किती लोकांना परत पाठवलं असेल, त्याला गणती नव्हती. समोरच्या माणसाचा चेहरा त्या वेळी आतून कसा होत असेल, हे त्यांना आज कळलं. त्यांनी निमूटपणे संदर्भ लिहिला.

सहीसाठी ते तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी सही तर केलीच, वर बॅटरी घेऊन गाडी बघायला आल्या. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन चकचकीत नळ्या असतात, त्या वरच्या जाड नळ्यांत खालीवर सरकतात. खड्डा आला की चाक वर जातं, पण हँडल शांत राहतं, ते यांच्यामुळे. नळीच्या आत तेल असतं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून तोंडाशी रबराची कडी असते. तिला सील म्हणतात. उजव्या सीलमधून तेल पाझरून नळीवरून खाली ब्रेकपर्यंत आलं होतं.

"हिरडीच आहे हो ही, नाना," बाई हरखून म्हणाल्या. "नळी म्हणजे दात, सील म्हणजे हिरडी. कण अडकलाय आत. पातळ फिल्म घालून गोल फिरवा, येईल बाहेर. ब्रश करता ना रोज?"

"मी?"

"गाडीला."

नानांनी हात पाठीमागे घेतले. "पुसतो थोडंफार," ते म्हणाले.

पातळ फिल्म म्हणजे कसली, तर जुन्या फोटोंच्या निगेटिव्हसारखी. घरात निगेटिव्हचा अख्खा डबा होता. प्रश्न एवढाच होता की बळी कोणाचा द्यायचा. नानांनी उजेडात धरून पहिली पट्टी निवडली. माई म्हणाल्या, "ते माझ्या भावाचं लग्न आहे." नानांनी ती आणखी थोडा वेळ हातात धरून ठेवली, तशी माईंनी ती काढून घेतली. दुसरीत खारू होती, कपाटावर चढलेली. तिसरीतही खारू, पाण्याच्या टाकीवर. खारूच्या पट्ट्यांना दोघांनी हातही लावला नाही. शेवटी माईंनी डब्याच्या तळातून एक पट्टी काढली. तीत नाना मोठ्या साहेबांच्या हातून 'उत्कृष्ट कर्मचारी' प्रमाणपत्र घेत होते. एकाच प्रसंगाचे चार फोटो.

"चार कशाला हवेत?" माई म्हणाल्या.

"वेगवेगळ्या बाजूंनी आहेत ते."

"सगळीकडून तुम्ही तसेच दिसताय."

तर नाना आणि मोठे साहेब सीलखाली गेले. नानांनी जीव मुठीत धरून पट्टी गोल फिरवली. बाहेर आली तेव्हा साहेबांच्या तोंडाला करडा चिखल लागला होता. नळी पुसली, हँडल चार वेळा दाबलं, कोरडी! नानांनी फाइलमध्ये 'कार्यवाही पूर्ण' असं लिहून खाली सही केली, आणि माईंना त्या दिवशी दोनदा चहा करावा लागला.

बुधवारी सकाळी डाग ताटाएवढा होता.

मग मात्र नानांनी हात टेकले आणि नाक्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री कमी बोलणारा, जाड चष्म्याचा माणूस. त्याने नळीवरून नख फिरवलं. नख दहा ठिकाणी अडलं. मग त्याने बोटावर तेल घेतलं, चोळलं, आणि चक्क हुंगलं.

"लिंबाचा वास येतोय," तो म्हणाला.

नाना छताकडे बघू लागले.

"नाना, ही माती नाही. भांडी घासायची पावडर आहे. कोण घासतं गाडी?"

शेवटी सगळं बाहेर आलं. नाना रोज सकाळी त्या दोन नळ्या तारेच्या घासणीने आणि लिंबाच्या पावडरीने लख्ख करत. एवढंच नाही. यंत्र नुसतं उभं राहिलं की जखडतं, असं कुणाकडून तरी ऐकल्यामुळे त्यानंतर गाडीवर बसून हँडल पन्नास वेळा दाबत. म्हणजे आधी नळीला ओरखडे पाडायचे, मग पावडर पेरायची, आणि मग पन्नास वेळा दाबून ती सीलमध्ये भरायची. सहा आठवडे, एकही खाडा न करता.

"कुणी मुद्दाम करायचं ठरवलं असतं तरी इतकं चांगलं जमलं नसतं," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा आदरच होता.

माई वरून बघत होत्या. त्या ओरडल्या, "म्हणून माझी पावडर संपत होती होय!"

मिस्त्रीकडे मंगळवारपर्यंत वेळ नव्हता, आणि खारू शनिवारी येणार होती. "तुम्हीच करा," मिस्त्री म्हणाला. "अवघड नाही. किचकट आहे." त्याने बारीक पॉलिश पेपरचा तुकडा दिला, पाण्यात भिजवून ओरखडे हळूहळू उतरवायला, आणि एका कागदावर चौदा ओळी लिहून दिल्या. जाता जाता म्हणाला, "पुढे गळू नये असं वाटत असेल तर मऊ ओल्या फडक्याने पुसायची, धूळ बसू द्यायची नाही. बस्स. आणि घासणी घरात लपवून ठेवा."

नवीन सील आणायला नाना दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरवरून नजर न काढता विचारलं, "गाडीचा नंबर?"

"नंबर नाही तिला."

"मग माल नाही. इथे रकाना आहे."

रकान्याबद्दल नानांच्या मनात भीतीयुक्त आदर होता. "लागू नाही असं टाका," ते अदबीने म्हणाले.

"अक्षरं घेत नाही हा. आकडा लागतो."

नानांनी क्षणभर विचार केला आणि आपला खात्यातला कर्मचारी क्रमांक सांगितला. कॉम्प्युटरने तो विनातक्रार घेतला. निवृत्तीनंतर चार वर्षांनी तो क्रमांक कुठेतरी चालला, या आनंदात नाना घरापर्यंत चालत आले.

गुरुवारी काम सुरू झालं. चाक निघालं. ब्रेकचा डबा सुतळीने बाजूला टांगला. उजवी नळी निघाली, तिच्यातलं काळं तेल माईंच्या जुन्या घमेल्यात पडलं. नाना शिस्तीचे. काढलेल्या प्रत्येक भागाला त्यांनी दोऱ्याने चिठ्ठी बांधली आणि क्रमाने वर्तमानपत्रावर मांडलं. मिस्त्रीची सातवी ओळ होती: 'आतली आणि बाहेरची नळी दोन टोकांना धरून जोरात हिसके द्या, सील आपोआप येईल.' एक टोक नानांनी धरलं, दुसरं माईंनी. पहिल्या हिसक्याला माई दोन पावलं पुढे आल्या. दुसऱ्याला नाना. तिसऱ्याला सेक्रेटरी आले.

"आवाजाचा उल्लेख अर्जात नव्हता," ते म्हणाले.

"तुम्ही माझ्या मागून कमरेला धरा," नाना धापा टाकत म्हणाले.

सेक्रेटरींचा धाक असा की त्यांना कोणी काही सांगत नसे. त्यामुळे कुणी सांगितल्यावर काय करायचं असतं, हे त्यांना सुचलं नाही, आणि त्यांनी धरलं. आवाज ऐकून बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाईंनी माईंना धरलं. एक, दोन, आणि तिसऱ्या हिसक्याला 'ठप्' असा आवाज होऊन नळ्या सुटल्या, आणि सोसायटीचे सेक्रेटरी नानांना मांडीवर घेऊन सामायिक जागेत बसले.

मग नानांनी दुपारभर पॉलिश पेपरने ओरखडे उतरवले. नळीच्या टोकाला तेलकट प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, म्हणजे नवीन रबर कापलं जात नाही. डॉक्टरीणबाईंनी दात तपासायच्या आकड्याने सीलची कड सारखी केली आणि सवयीने म्हणाल्या, "आता दोन तास काही खायचं नाही." नवीन तेल भरलं. माईंनी विणायच्या सुईवर खूण करून त्याची उंची मोजली. संध्याकाळी उजवी बाजू तयार झाली. नाना फाइल घेऊन बसले, 'काम पूर्ण' असं लिहायला त्यांनी पान उलटलं, आणि पेनला पुन्हा टोपण लावलं.

फाइलमध्ये, टाचणीने टोचलेल्या कागदावर, सुबक अक्षरात 'जोडपत्र अ' असं लिहिलं होतं, आणि त्याला बांधलेलं होतं तारेचं गोल लॉक. सील जागेवर धरून ठेवणारं. चौतीस वर्षांच्या सवयीने नानांनी नळीतून पहिला निघालेला भाग पुरावा म्हणून फाइलला लावून टाकला होता.

"म्हणजे आता?" माईंनी विचारलं.

आता म्हणजे सगळं परत. उघडताना नवीन सील चिरलं. शुक्रवारी नाना पुन्हा दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने कर्मचारी क्रमांक टाकला आणि या वेळी वर बघून हसला. "या, तुम्ही आमचे जुने ग्राहक." नानांच्या स्वाभिमानाला आठवडाभरात इतके ओरखडे पडले होते की हा एक आणखी त्यांना जाणवला नाही. त्याच चौदा ओळींनी डावी नळीही उरकली, आणि शुक्रवारी दिवस कलला तेव्हा दोन्ही बाजू बसल्या होत्या. नानांनी हँडल दहा वेळा दाबलं. मग पांढऱ्या रुमालाने नळी पुसली. रुमाल पांढराच राहिला. नानांनी तो माईंपुढे धरला. माईंनी त्यांच्या गालावरचं तेल पदराने पुसलं.

शनिवारी सकाळी खारू आली. दारात पिशवी टाकून सरळ खाली गाडीकडे गेली. मागोमाग नाना. गाडीच्या शेजारी ती उभी राहिली, हँडलवर एक हात ठेवला, आणि तशीच राहिली. ना बसली, ना किल्ली मागितली.

नानांनी रात्रभर घोकलेलं भाषण सुरू केलं. "खारू, मला एक सांगायचंय. तू हात लावू नकोस म्हणाली होतीस. मी लावला. रोज लावला. घासणीने. त्यामुळे गळती लागली. मग मी ती…"

"बाबा," खारू मध्येच म्हणाली, "चार वाजता एक माणूस येतोय. गाडी बघायला. मी विकतेय."

नानांचं भाषण जागच्या जागी विरलं. "गळते म्हणून?"

"गळते? कुठे गळते?" तिने खाली पाहिलंसुद्धा नव्हतं. ती पायरीवर बसली. "भीती वाटते, बाबा. खांदा तर केव्हाच बरा झालाय. पण हिच्यावर बसलं की पुढचं चाक हातातून जातंय असं वाटतं, आणि बोटं गार पडतात. सुरुवातीला नेटाने इंजिन तरी सुरू करायचे, आता तेही करवत नाही. म्हणून तर येत नव्हते. आले की तुम्ही किल्ली घेऊन उभे राहणार, म्हणणार, सुरू कर, आवाज ऐकू दे. तुम्हाला काय सांगू? इतकी भांडले मी तुमच्याशी हिच्यासाठी." बोलता बोलता तिने हात लांबवून पुढच्या चाकावर ठेवला. "विकून टाकते. म्हणजे संपलं."

नाना तिच्या शेजारी बसले. त्यांचा हिशोब साफ उलटा निघाला होता. पोरगी गाडीसाठी येत नव्हती. गाडीमुळे येत नव्हती. म्हणजे गाडी गेली की पोरगी येणार, हाडंही शाबूत राहणार, आणि तीन वर्षांपूर्वी मीठ मागताना जे मागायचं राहिलं होतं, ते आज चार वाजता आपसूक मिळणार. नाना खूश व्हायला पाहिजे होते. त्यांनी प्रयत्नही करून पाहिला. पण खारूचा हात अजून गाडीच्या चाकावर होता, आणि लहान मुलाला थोपटावं तसा तो आपोआप हलत होता.

"विकावंसं वाटतंय तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही," खारू म्हणाली आणि रडायला लागली. नानांना अशा वेळी काय करावं ते कधीच कळलेलं नव्हतं. त्यांनी खिशातला पांढरा रुमाल तिला दिला.

बरोबर चार वाजता गिऱ्हाईक आलं. धिप्पाड, नीटनेटका गृहस्थ, हातात बॅटरी. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून तो पुढच्या चाकाशी वाकला. नळीवर बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं. हँडल दाबलं, पुन्हा बोट फिरवलं. "वा!" तो म्हणाला. "अगदी कोरडं. सील नवीन दिसतायत. काम कुणी केलंय हो? हात चांगला आहे."

आठवडाभर नाना या एका वाक्यासाठी आसुसले होते. मिस्त्रीच्या तोंडून, सेक्रेटरींच्या तोंडून, निदान माईंच्या तरी तोंडून ते ऐकावं म्हणून त्यांनी किती वेळा रुमाल पुढे केला होता. आता एक परका, जाणकार माणूस ते आपणहून म्हणत होता. नानांनी खारूकडे पाहिलं. ती पायरीवर अंग चोरून बसली होती.

"मी केलं," नाना म्हणाले. "आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही."

गिऱ्हाईक हसलं. "विनय आहे तुमचा."

"विनय नाही हो. मी पाणीखात्यातला कारकून. या नळ्या मी सहा आठवडे तारेच्या घासणीने घासल्या. भांड्याची पावडर लावून. पहिल्यांदा सील बसवलं तेव्हा लॉक आत घालायचं ते फाइलला लावून ठेवलं. दाखवू फाइल? आता घातलंय, पण बरोबर बाजूने घातलंय की नाही, देव जाणे. तेलाची उंची विणायच्या सुईने मोजलीय. ब्रेकला तेल लागलं होतं, ते पुसलंय, पण कशाने पुसलंय ते विचारू नका."

गिऱ्हाइकाने नळीवरून हात काढून घेतला.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सामायिक जागेत कुणीतरी गाडीबद्दल बोलत होतं, तेवढं त्यांना पुरे होतं. "डाग मी स्वतः पाहिलाय," ते म्हणाले. "आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. नोटिशीची प्रत देऊ शकतो." नानांनी त्यांच्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की सेक्रेटरी गोंधळून एक पाऊल मागे सरले.

"लिंबाच्या पावडरीचा अख्खा डबा गेलाय हो तिच्यात!" वरून माईंचा आवाज आला.

गिऱ्हाईक खारूकडे वळलं. "ताई, हे खरं आहे का?"

खारूने रुमालातून डोकं वर काढलं. तिने नानांकडे पाहिलं. नानांच्या टकलापासून मानेपर्यंत सगळं लाल झालं होतं. सबंध आयुष्यात चारचौघांत 'मला येत नाही' हे त्यांनी कधी म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. ऑफिसात नाही, घरात नाही, तिच्या गणिताच्या पुस्तकापुढेही नाही.

"बाबा म्हणतायत म्हणजे खरं असेल," ती म्हणाली.

"मग मला माफ करा," असं म्हणून गृहस्थाने बॅटरी बंद केली. फाटकाशी जाऊन तो पुन्हा वळला आणि कळवळून नानांना म्हणाला, "आजोबा, एवढं करा, यापुढे गाडीला हात लावू नका."

तो गेला. सेक्रेटरीही गेले, खुलासा समाधानकारक असल्याचं सांगून. खारूच्या तोंडून आधी बारीकसा आवाज आला. नानांना वाटलं पुन्हा रडतेय. पण ती हसत होती. पोट धरून, पायरीवर आडवी होऊन, लहानपणी हसायची तशी. नाना थोडा वेळ दुखावल्यासारखे उभे राहिले, आणि मग तेही खाली बसले.

हसू ओसरल्यावर खारू उठली आणि गाडीपुढे उकिडवी बसली. तिने नळीवरून नख फिरवलं, आधी उजव्या, मग डाव्या. नख कुठेच अडलं नाही. हँडल धरून तिने एकदा हळूच दाबलं. मग जोर देऊन दाबलं. पुढचं चाक खाली गेलं, आणि बिनआवाज, सावकाश वर आलं. ती त्या चाकाकडे बघत राहिली. बोटं गार पडली की नाही, ते नानांनी विचारलं नाही.

"बाबा, खरंच गळतंय का हे?"

"टिपूसभर नाही."

"लॉक?"

"बरोबर बाजूने आहे. तीनदा बघितलंय."

खारूने मान डोलावली. सीटवर हात ठेवून ती उभी राहिली, पण बसली नाही. "आज नको," ती म्हणाली.

"बरं."

"पुढच्या शनिवारी येईन. नवीन सील बसवल्यावर दर शनिवारी तपासावी लागतात." तिने त्यांच्याकडे न बघता हे सांगितलं. "बरेच महिने."

असं काहीही नसतं. नीट पुसत राहिलं तर वर्षभर बघायला लागत नाही, हे मिस्त्रीने नानांना दोनदा सांगितलं होतं, आणि खारूला तर ते नानांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

"लागतातच," नाना म्हणाले. "दर शनिवारी."